तापाचा दिवस कितवा? विषाणूंच्या एलायझा चाचण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत डेंग्यूच्या रिपोर्टांची गर्दी होते. या वेळी रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनीही लिहिले आहे. त्यांचे प्रश्न तपशिलाचे असल्याने त्यांना जागा जास्त दिली आहे. एलायझा म्हणजे छोट्या वाट्या (वेल्स) असलेल्या प्लेटवर लावायची चाचणी. तिचा निकाल रंगाच्या तीव्रतेवरून कळतो, आणि त्या तीव्रतेचा आकडा म्हणजे ओडी.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी खासगी लॅबमध्ये झटपट चाचणीच्या कार्डावर डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह आले. तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात एलायझा केली, तर आयजीएम निगेटिव्ह. कोणाचे खरे मानायचे? (एक वाचक, कराड)

दोघांचेही. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचे स्वतःचे प्रथिन. विषाणू आपल्या पेशींत वाढत असताना ते रक्तात सोडले जाते, म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासूनच सापडू शकते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर कमी होत जाते. आयजीएम हे आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड. ते तयार व्हायला वेळ लागतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते दिसू लागते आणि आठवडा-दहा दिवसांत बहुतेक सगळ्या रुग्णांत सापडते. तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह येणे हेच अपेक्षित आहे. त्या दिवशी एनएस१ची एलायझा करायला हवी होती, किंवा आयजीएमसाठी सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला हवे होते.

सरकारी रुग्णालयाने कार्डाचा रिपोर्ट ग्राह्य का धरला नाही, असेही आपण विचारले आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात कार्डावर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण ‘संभाव्य’ गणला जातो. निश्चित निदानाची नोंद एलायझावर होते. हा नोंदीचा नियम आहे, उपचार थांबवण्याचा नाही. कार्डाच्या बाबतीत नेहमी होणारी चूक म्हणजे ते उशिरा वाचणे. पंधरा-वीस मिनिटांची मुदत दिलेली असताना कार्ड तासाभराने पाहिले, तर वाळताना उमटलेली फिकट रेघही पॉझिटिव्ह वाटते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्याला डेंग्यू दुसऱ्यांदा होतो, त्याच्या रक्तातली जुनी प्रतिपिंडे एनएस१ला चिकटतात आणि ते चाचणीच्या हाती लागत नाही. अशा रुग्णात एनएस१ लवकर निगेटिव्ह होते आणि आयजीएमही बेताचेच वाढते. दुसऱ्यांदा होणारा डेंग्यूच जास्त वेळा गंभीर वळण घेतो. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट हातात धरून निर्धास्त राहू नका. ताप उतरू लागतो तेच दिवस धोक्याचे. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, एकदम आलेली सुस्ती यांपैकी काहीही दिसले तर रिपोर्टाची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको.

प्रश्न : ‘फीवर पॅकेज’मध्ये माझे डेंग्यू आयजीजी पॉझिटिव्ह आले. ताप आता नाही. उपचार घ्यावेत का? (एक वाचक, डोंबिवली)

नाही. एकट्या आयजीजीचा (हाही प्रतिपिंडाचाच एक प्रकार) अर्थ पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेला, एवढाच. ते वर्षानुवर्षे रक्तात राहते. ताप नसताना ही चाचणी करण्याची गरजही नव्हती. पॅकेजात होती म्हणून झाली.

प्रश्न : आमच्याकडे डेंग्यू आयजीएमची एलायझा लावली जाते. गेले काही रन (प्लेट लावण्याच्या खेपा) निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे निगेटिव्ह असल्याचे आधीच माहीत असलेल्या तुलनेच्या नमुन्याची, ओडी वर जाते आहे. कधी सगळी प्लेट पिवळी होते, कधी फक्त कडेच्या वेल्स. किट बदलून पाहिले, तरी तेच. खोटे पॉझिटिव्ह वाढतील, अशी काळजी वाटते. शोध कुठून सुरू करावा? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नांदेड जिल्हा)

किट बदलूनही तेच होत असेल तर दोष किटबाहेर आहे. आधी प्लेटवर कोणता थर कशावर बसतो ते डोळ्यांसमोर आणा. वेलच्या तळाशी मानवी आयजीएम पकडणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. त्यांवर रुग्णाचे सगळ्या प्रकारचे आयजीएम अडकते. मग डेंग्यूचे अँटिजेन (प्रतिपिंड ज्याला चिकटते तो विषाणूचा भाग) टाकतात. डेंग्यूविरोधी आयजीएम असेल तरच ते टिकून राहते. त्यावर बायोटिन लावलेले डेंग्यूविरोधी प्रतिपिंड, त्यावर एचआरपी हे एन्झाइम जोडलेले ॲव्हिडिन (बायोटिनला घट्ट चिकटणारे प्रथिन), आणि शेवटी टीएमबी हे रंग देणारे द्रव्य. एचआरपी जिथे असेल तिथे टीएमबी निळे होते, आम्ल घातले की पिवळे. म्हणजे रंग दिसला की तिथे एचआरपी आहे इतकेच कळते. ते योग्य जोडणीने आले की धुवायचे राहिले, हे यंत्राला कळत नाही.

त्यामुळे प्लेट नुसती वाचू नका, रंगाचा नकाशा पाहा. दोष कुठला, हे बहुतेक वेळा त्या नकाशातच लिहिलेले असते.

सगळी प्लेट सारखीच वर गेली असेल, तर पहिला संशय धुण्यावर, दुसरा टीएमबीवर. टीएमबीची परीक्षा मिनिटाभराची आहे. स्वच्छ नळीत १०० मायक्रोलिटर टीएमबी काढा. ते रंगहीन, फार तर किंचित निळसर असावे. निळे असेल तर बाटलीत कॉन्ज्युगेट (एचआरपी जोडलेले द्रव्य) गेले आहे, बहुधा तीच टिप किंवा तोच ट्रफ (द्रव ओतून घेण्याचे भांडे) पुन्हा वापरल्याने. बाटली टाकून द्या. ट्रफ कॉन्ज्युगेटसाठी वेगळा आणि टीएमबीसाठी वेगळा ठेवायचा, आणि उरलेले टीएमबी बाटलीत परत ओतायचे नाही.

धुण्याकडे वळू. वॉश बफर बहुतेक वेळा २० पट तीव्र येतो: ५० मिलिलिटर बफर आणि ९५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीत स्फटिक बसलेले असतात. ते ३७ अंशांवर पूर्ण विरघळवल्याशिवाय मोजून घेतले, तर पहिला बफर पातळ होतो आणि शेवटचा खारट. प्रत्येक वेलमध्ये ३०० ते ३५० मायक्रोलिटर, म्हणजे काठोकाठ, भरा. अर्धा मिनिट थांबा, मग उपसा. किटने सांगितले तितक्या वेळा, साधारण पाचदा. शेवटी प्लेट उलटी करून टिपकागदावर जोरात आपटा, आणि पुढचे द्रव्य लगेच घाला. वेल कोरड्या पडू देऊ नका.

वॉशर यंत्र असेल तर त्याची परीक्षा वजनकाट्यावर घेता येते. कोरडी प्लेट तोला, एक पूर्ण वॉश देऊन शेवटचा उपसा झाल्यावर पुन्हा तोला. ९६ वेल्समध्ये प्रत्येकी ५ मायक्रोलिटर पाणी उरले, तर फरक साधारण अर्धा ग्रॅम भरतो. त्याहून बराच जास्त भरला, तर उपसणाऱ्या सुया तुंबल्या आहेत किंवा त्यांची उंची चुकली आहे. दिवसाचे काम संपल्यावर वॉशरमधून ऊर्ध्वपातित पाणी फिरवले नाही, की बफरचे मीठ सुयांत सुकते. तुंबण्याचे नेहमीचे कारण हेच.

फक्त कडेच्या वेल्स वर जात असतील (१ आणि १२ क्रमांकाचे स्तंभ, वरची आणि खालची ओळ) तर तापमान आणि बाष्पीभवन तपासा. प्लेट फ्रीजमधून काढून थेट ३७ अंशांत ठेवली, की कडा आधी तापतात आणि मधला भाग मागे राहतो. सगळे साहित्य अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. प्लेटवर सीलर लावाच. प्लेट एकावर एक रचू नका. इनक्युबेटरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. भारनियमन असलेल्या भागात हे जास्त महत्त्वाचे: मधे वीज गेली आणि इन्व्हर्टर फक्त फ्रीजला जोडलेला असला, तर तासाचे इनक्युबेशन कागदावरच तासाचे राहते.

डावीकडून उजवीकडे रंग पायरीपायरीने बदलत असेल तर ते तुमच्या हाताच्या वेगाचे चित्र आहे. टीएमबीला दहा मिनिटे द्यायची असताना पहिल्या आणि शेवटच्या वेलमध्ये दोन मिनिटांचा फरक पडला, तर तो वीस टक्क्यांचा फरक आहे. मल्टिचॅनल पिपेट वापरा आणि स्टॉप सोल्युशन त्याच क्रमाने, त्याच गतीने घाला. एकच ओळ सातत्याने वेगळी येत असेल तर मल्टिचॅनलची एक टिप सैल आहे किंवा वॉशरची एक सुई बंद. मधेच एखादी वेल उसळत असेल तर सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात, फायब्रिनचे (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचे) बारीक धागे असण्याचा संभव मोठा. रक्त नीट गोठण्याआधीच फिरवले की हे धागे राहतात. नळी किमान अर्धा तास उभी ठेवून मगच सेंट्रिफ्यूजमध्ये घाला.

आणि उलट दोष, म्हणजे पॉझिटिव्ह कंट्रोलसकट सगळीच प्लेट फिकी? बफर टिकावा म्हणून त्यात कुणी सोडियम अझाइड घालते का, ते विचारा. अझाइड एचआरपीला निकामी करते. हायपोक्लोराइटने धुऊन नीट न खंगाळलेले काचसामानही तेच करते.

आता या प्रश्नातला खरा धोका. निगेटिव्ह कंट्रोल वर गेला की खोटे पॉझिटिव्ह वाढतील, असे आपण गृहीत धरले आहे. या प्रकारच्या अनेक किटमध्ये कट-ऑफ (पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांमधली ओडीची सीमा) निगेटिव्ह कंट्रोलच्या ओडीला ठरावीक संख्येने गुणून काढतात. समजा ती संख्या ४ आहे. कंट्रोल ०.०८ असताना कट-ऑफ ०.३२ येतो. कंट्रोल ०.२५ झाला तर कट-ऑफ १.०० होतो, आणि ०.७ ओडीचा खरा रुग्ण ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातो. म्हणून कंट्रोलच्या मर्यादा ओलांडल्या तर तो रन बाद. रिपोर्ट देऊ नका. सीरम असेल तर पुन्हा लावा. कट-ऑफच्या दहा टक्के वर-खाली येणारे नमुनेही दोन-दोन वेल्समध्ये पुन्हा लावावेत. तरीही तिथेच अडकले, तर ‘अनिर्णित, चार-पाच दिवसांनी दुसरा नमुना पाठवा’ असे लिहावे. बळेच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह करू नये.

पिपेटबद्दल थोडेसे. १:१०० विरलनासाठी १० मायक्रोलिटर सीरम ९९० मायक्रोलिटर बफरमध्ये जाते. इथे टिपेच्या बाहेर चिकटलेले २ मायक्रोलिटरही वीस टक्क्यांची चूक आहे. टिप बाहेरून पुसा, बफरमध्ये दोन-तीनदा आत-बाहेर करून धुवा. प्लेट ४५० नॅनोमीटरला वाचा, संदर्भ तरंगलांबी ६२० ते ६५० दरम्यान. तळावर बोटांचे ठसे आणि वेलमध्ये बुडबुडे नसावेत. हे सगळे ढोबळ आकडे आहेत. किटच्या माहितीपत्रकात वेगळे असेल तर माहितीपत्रकच खरे.

प्रश्न : सुरक्षिततेसाठी सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवून मग एलायझा लावावी का? (डीएमएलटीची विद्यार्थिनी, अकोला)

किटने सांगितले नसेल तर नको. उष्णतेने प्रतिपिंडांचे गोळे होतात आणि ते वेलला कुठेही चिकटून खोटा रंग देऊ शकतात. आयजीएमचे काम मंदावते ते वेगळेच. शिवाय सुरक्षितताही पुरती मिळत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू एवढ्याने भरवशाने मरत नाही. प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे धरूनच काम करा: हातमोजे, चष्मा, नळी उघडताना जैवसुरक्षा कॅबिनेट, तोंडाने पिपेट ओढणे बंद. सांडल्यास १ टक्का हायपोक्लोराइट, रोज ताजे, अर्धा तास.

एक सावधगिरी फारशी शिकवली जात नाही. स्टॉप सोल्युशन हे आम्ल आहे. वाचून झालेल्या प्लेट त्याच हायपोक्लोराइटच्या बादलीत टाकत गेलात, तर क्लोरीन वायू निघतो. त्यांची विल्हेवाट वेगळी ठेवा.

प्रश्न : आमच्या भागात माकडतापाचे रुग्ण आढळतात. संशयित रुग्णाचा नमुना कधी व कसा पाठवावा? डेंग्यूची चाचणी आधी करावी का? (आरोग्य कर्मचारी, दोडामार्ग तालुका)

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात आढळला. तो ओळखण्याचे काम पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि दोडामार्गात २०१६ मध्ये तो पोहोचला. प्रसार गोचिडीतून होतो. काजूच्या हंगामात आणि लाकूडफाट्यासाठी रानात जाणे वाढते, तेव्हाच रुग्ण दिसू लागतात.

इथेही पहिला प्रश्न तापाच्या दिवसाचाच. पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी). पाचव्या दिवसापासून पुढे आयजीएम एलायझा. काही रुग्णांना ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि डोकेदुखी, मान आखडणे, भ्रम अशी लक्षणे दिसतात. त्या वेळी पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते, आयजीएम मात्र पॉझिटिव्ह असते. त्यामुळे नमुन्यासोबतच्या अर्जावर ‘ताप’ एवढेच लिहून भागत नाही. ताप सुरू झाल्याची तारीख, रक्त घेतल्याची तारीख, रानात जाणे, आसपास माकडे मेलेली आढळणे, पूर्वी माकडतापाची लस घेतली असल्यास ती, हे सगळे हवे. ही माहिती नसेल तर कोणती चाचणी लावायची, हेच प्रयोगशाळेला ठरवता येत नाही.

प्रौढाचे ३ ते ५ मिलिलिटर रक्त साध्या, लाल टोपणाच्या नळीत घ्या. गोठू द्या, सीरम वेगळे करून स्क्रूच्या झाकणाच्या दोन कुप्यांत भरा. एक पीसीआरला, एक एलायझाला. २ ते ८ अंशांत ठेवा आणि ४८ तासांत पोहोचेल असे पाहा. अख्खे रक्त कधीही फ्रीझरमध्ये ठेवून बर्फासारखे गोठवू नका. तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतले हिमोग्लोबिन एचआरपीसारखेच वागून खोटा रंग देते. पॅकिंग तीन थरांचे: कुपी, तिच्याभोवती सांडलेले टिपून घेईल एवढा कापूस, मग न गळणारा डबा, मग आइसपॅकसह बाहेरची पेटी. अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या बाहेर ठेवा. कुपीला गुंडाळलेला अर्ज भिजून वाचता येत नाही, हे दर हंगामात होते.

डेंग्यूची चाचणी करायला हरकत नाही, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणून माकडतापाचा नमुना थांबवू नका. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. या कुळातल्या प्रतिपिंडांची आपसांत गल्लत होऊ शकते, विशेषतः ज्याला आधी डेंग्यू होऊन गेला आहे त्याच्यात. रिपोर्ट गोंधळाचा आला तर दहा ते चौदा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन दोन्ही एकत्र तपासणे हाच मार्ग. आणि मेलेल्या माकडाला हात लावू नका, वनखात्याला कळवा.

प्रश्न : मी नियमित रक्तदाता आहे. या वेळी रक्तपेढीने एचआयव्ही ‘रिॲक्टिव्ह’ म्हणून पुढील तपासणीला बोलावले. बाहेर चाचणी केली, ती निगेटिव्ह. असे कसे? (एक वाचक, नाशिक)

रक्तपेढीची चाचणी मुद्दामच जास्त संशयी ठेवलेली असते. एकही बाधित पिशवी सुटू नये यासाठी ती काही निरोगी दात्यांनाही अडवते. गणित करून पाहा. समजा १०,००० दात्यांत १० जण बाधित आहेत आणि चाचणी निरोगी व्यक्तीला ९९.५ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह ठरवते. तरी सुमारे ५० निरोगी दाते रिॲक्टिव्ह निघतील. म्हणजे ६० रिॲक्टिव्ह दात्यांत खरे बाधित १०. म्हणून एका चाचणीवर निदान करत नाहीत. ‘नाको’च्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) पद्धतीप्रमाणे लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान पक्के करायला वेगवेगळ्या तीन चाचण्या लागतात.

तरीही बाहेरच्या एका निगेटिव्ह रिपोर्टवर विषय मिटवू नका. ती कोणत्या पिढीची चाचणी होती, कोण जाणे. जिल्हा रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. तपासणी मोफत आणि गोपनीय असते. चौथ्या पिढीच्या एलायझात प्रतिपिंडांसोबत विषाणूचे पी२४ अँटिजेनही शोधतात, त्यामुळे संसर्ग साधारण दोन ते तीन आठवड्यांनंतर दिसू लागतो; त्याआधीचा निगेटिव्ह निर्णायक नाही. निकाल लागेपर्यंत रक्तदान करू नका.

असाच आणखी एक प्रकार. हिपॅटायटिस बीच्या लसीत त्या विषाणूचे पृष्ठभागावरचे अँटिजेनच असते. लस घेतल्यावर पुढचे काही दिवस, कधी अडीच आठवड्यांपर्यंत, ‘एचबीएसएजी’ चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. तपासणीआधी लसीची तारीख सांगावी.

प्रश्न : चांदीपुरा विषाणूसाठी आयजीएम एलायझावर भर का देत नाहीत? मेंदूज्वराच्या मुलांत जपानी मेंदूज्वराची एलायझा तर आवर्जून करतात. (परिचारिका, चंद्रपूर)

कारण वेळ. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातून १९६५ मध्ये सापडलेला हा विषाणू लहान मुलांत इतक्या वेगाने वाढतो, की लक्षणांनंतर एक-दोन दिवसांतच मूल दगावू शकते. तोवर आयजीएम तयारच झालेले नसते. तिथे आरटी-पीसीआर हवी. वाचलेल्या मुलांत आयजीएम नंतर उपयोगी पडते.

जपानी मेंदूज्वरात मूल रुग्णालयात येईपर्यंत प्रतिपिंडे बहुधा तयार असतात. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात सापडलेले आयजीएम रक्तातल्यापेक्षा जास्त भरवशाचे. रक्तातले आयजीएम नुकत्याच घेतलेल्या लसीमुळेही असू शकते. त्या पाण्यात प्रतिपिंडे कमी असतात, म्हणून विरलनही कमी ठेवतात: सीरम १:१००, तर ते पाणी बऱ्याच किटमध्ये १:१०. घाईत दोन्ही १:१०० केले की खरा रुग्ण निगेटिव्ह येतो.

प्रश्न : आठवड्याला पाच-सहाच नमुने येतात. किट वाया जाऊ नये म्हणून पूर्ण प्लेट भरेपर्यंत थांबतो. चालेल ना? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, तालुका नमूद केलेला नाही)

रुग्णाच्या दृष्टीने नाही. दोन आठवड्यांनी आलेला डेंग्यूचा रिपोर्ट फक्त आकडेवारीला उपयोगी. प्लेटमधल्या आठ-आठ वेल्सच्या पट्ट्या सुट्या निघतात. हव्या तेवढ्या घ्या, उरलेल्या सिलिका जेलच्या पुडीसकट त्यांच्याच पाकिटात हवाबंद करून २ ते ८ अंशांत ठेवा आणि पाकिटावर उघडल्याची तारीख लिहा. पाकीट आधी खोलीच्या तापमानाला आणून मगच उघडा, नाहीतर आत दव धरते. विरल केलेले कॉन्ज्युगेट पुढच्या रनसाठी ठेवू नका, आणि एका लॉटच्या पट्ट्या दुसऱ्या लॉटच्या द्रव्यांशी जोडू नका. प्रत्येक रनला कंट्रोल पुन्हा लावावे लागतात. पाच नमुन्यांमागे तीन-चार वेल्स कंट्रोलला गेल्या, तर त्या वाया गेल्या असे धरू नका. पुरवठा त्या हिशेबाने मागवा, आणि जिल्ह्याला कारण लेखी कळवा.